तक्रार : काही नाही

मंगळवार हा दवाखान्यात गरोदर बायकांचा वार होता. त्या दिवशी सकाळी शिवणघरात दोन गोष्टी ठरलेल्या असत. मास्तरीणबाई आपल्या लेकीचा हात धरून तिला वरच्या मजल्यावरून सावकाश खाली आणत, आणि त्यांची सून खिडकीजवळच्या स्टुलावर बसून कोटाची काजं करत असे. लेकीला सातवा महिना होता. सुनेलाही सातवाच, दहा-बारा दिवसांनी मागे. जिन्याच्या पायऱ्या दोघींना सारख्याच उंच होत्या. पण सून सकाळी सहाला उतरली तेव्हा तिचा हात धरायला कुणी नव्हतं, आणि कुणी धरावा असं तिच्याही मनात आलं नव्हतं.

शिवणघर म्हणजे रस्त्यालगतची एक लांबट खोली. मधोमध कापायचं मोठं टेबल, भिंतीला लागून तीन मशीन, कोपऱ्यात इस्त्रीचा ओटा आणि वर दोरीला लटकलेले बिनबाह्यांचे कोट. शिंपी मास्तर जाऊन चौदा वर्षं झाली होती, तरी गिऱ्हाइकं अजून 'मास्तरांकडे' टाकलंय म्हणत आणि त्यांच्या बायकोला सगळे मास्तरीणबाईच म्हणत. बाई कर्तबगार. नवऱ्यामागे दोन मुलं वाढवली, एका मशीनची तीन केली. मुलगा कटर झाला. आसपासच्या निम्म्या पुरुषांच्या छातीची, कमरेची, खांद्याची मापं त्याच्या वहीत होती आणि कापडाला कात्री लावण्याआधी तो तीनदा माप तपासायचा. सून काजात तरबेज. कोटाचं काज हातानंच करायचं हा मास्तरांच्या वेळचा दंडक. ती या घरात आल्यापासून दुसऱ्या कुणी काजाला हात लावला नव्हता.

"दोन्ही कार्डं घेतलीस ना गं?" मास्तरीणबाईंनी लेकीला विचारलं.

"घेतली." लेकीनं पिशवीवर थाप मारली. मग खिडकीकडे बघत ती जरा घुटमळली. "आई, आज वहिनीला पण नेऊ या ना. रिक्षा तर करतोच आहोत."

"आणि हे कोट कोण पुरे करील? तू?" मास्तरीणबाई हसल्या. "अगं, ती घरचीच तर आहे. तिला काय झालं तर मी बसलेय ना इथे. तुझी गोष्ट वेगळी. तू आता परक्या घरची. जावईबापू बाहेरगावाहून परत आले की तुला धडधाकट त्यांच्या हवाली करायचीय. तुझी सासू दर आठवड्याला फोन करून वजन विचारते, तिला मी काय सांगू?"

"जा हो वन्सं," सून मान न उचलता म्हणाली. "मला काही नाही झालेलं."

खरं तर तिचं डोकं सकाळपासून ठणकत होतं. पण 'काही नाही' हे दोन शब्द ती लहानपणापासून इतके घोकून आली होती की ते तिच्या तोंडून आपोआप निघत. तिच्या आईनं तिला स्वयंपाक शिकवला, शिवण शिकवली, आणि कुणी विचारलं तर 'काही नाही' म्हणायला शिकवलं. दर रविवारी आई फोन करायची, "कशी आहेस गं?" विचारायची, आणि लेकीचं 'काही नाही, बरी आहे' ऐकून समाधानानं फोन ठेवायची. वाचकहो, तुमच्या आमच्या घरात हे दोन शब्द दिवसातून किती वेळा ऐकू येतात ते एकदा मोजून बघा. ते बहुतेक बायकांच्याच तोंडचे असतात.

आता त्या दोन कार्डांची हकीकत सांगायला हवी, कारण सगळं तिथेच बिनसलं.

दवाखाना छोटा. डॉक्टर आठवड्यातून एकदा येत आणि अडचणीच्या वाटतील तेवढ्याच बायका बघत. बाकी सगळा गाडा एकट्या सिस्टर ओढत. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, लघवीची तपासणी, बाळाचे ठोके, सगळं त्याच करत आणि घडीच्या कार्डावर महिन्यामहिन्याच्या रकान्यात भरत. शेवटचा रकाना होता 'तक्रार'. तो जेमतेम बोटभर रुंद. त्यात मावतील असे दोनच शब्द होते आणि सिस्टर ते न विचारताच लिहीत.

सुनेला तिसरा महिना लागला तेव्हा ती एकदा दवाखान्यात गेली होती. तेव्हाच तिचं कार्ड निघालं. पुढच्या मंगळवारी तिला मशीनच्या तेलाच्या वासानं एवढ्या उलट्या झाल्या की उभं राहवेना. "अशी रिक्षात बसशील तर वाटेतच आडवी होशील," म्हणून मास्तरीणबाई लेकीला घेऊन एकट्याच गेल्या. जाताना सिस्टरांचा युनिफॉर्म बरोबर नेला. सिस्टरांना तो कमरेत घट्ट झाला होता. कापताना शिलाईच्या आत जे जादा कापड दुमडून ठेवतात, त्याला शिंपी माया म्हणतात. मास्तरीणबाईंनी ती माया सोडून युनिफॉर्म दोन बोटं सैल करून दिला होता आणि शिलाईचं नावही काढलं नव्हतं.

"सूनबाई नाही आल्या?" सिस्टरांनी विचारलं.

"उलट्यांनी बेजार आहे हो. तिचं कार्ड तेवढं भरून द्या. रकाना रिकामा राहिला तर मोठ्या दवाखान्यात नाव घेत नाहीत म्हणे."

सिस्टरांसमोर त्या वेळी साठ-सत्तर बायका बसल्या होत्या. एक भोवळ येऊन बाकावर आडवी झाली होती. सिस्टरांनी लेकीच्या कार्डावर आकडे लिहिले आणि तेच आकडे सुनेच्या कार्डावर उतरवले. वजन तेवढं किलोभर कमी केलं. "एकाच घरच्या, एकाच ताटातल्या," असं स्वतःशीच पुटपुटल्या. "पुढच्या वेळी मात्र घेऊन या हं."

पुढच्या वेळी कोटांची घाई होती. त्याच्या पुढच्या वेळी पाऊस होता. मग कारण सांगायचंही राहून गेलं. मास्तरीणबाई दोन कार्डं टेबलावर ठेवत आणि सिस्टर दोन्ही भरत. मंगळवारी मुलगा पहाटेच कापड आणायला बाजारात जाई; कार्डावर आकडे दिसत, म्हणजे बायको जाऊन आली असं तो धरून चाले. सिस्टर वाईट नव्हत्या. मास्तरीणबाईही दुष्ट नव्हत्या. एखादी दुष्ट बाई दाखवता आली असती तर मला ही गोष्ट सांगणं फार सोपं गेलं असतं.

आणि ताटही एक नव्हतं. लेकीच्या ताटात रोज अंडं, फळ, पेलाभर दूध. सुनेला मात्र पाचवा लागल्यापासून मास्तरीणबाई वाढताना हात आखडत. त्यात कंजूषपणा नव्हता, भीती होती. मास्तरीणबाईंचं पहिलं मूल थोराड होतं. तीन दिवस अडलं आणि गेलं. तेव्हापासून त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं की बाळ लहान असावं, बाईनं पोट राखून खावं.

"कमी खा गं बाई, सुखानं सुटशील," त्या कळकळीनं म्हणत. "मी लेकीच्या सासूला हे पटवू शकत नाही, तिचं डॉक्टरी डोकं. तू तरी माझं ऐक."

रक्तवाढीच्या गोळ्या दोघींच्या नावानं येत. लेकीच्या गोळ्या तिच्या उशाशी असत. सुनेच्या गोळ्यांनी बाळ जाड होईल म्हणून मास्तरीणबाई त्या बटणांच्या खणात ठेवून देत. कोटाची बटणं काढताना सुनेच्या बोटांना ती लाल पाकिटं लागायची. ती त्यांना बाजूला सारायची आणि बटण घ्यायची.

पाचव्या महिन्यात बाळ पहिल्यांदा हललं तेव्हा तिच्या मांडीवर कुणाचातरी करडा कोट होता. कोटाचं कापड जरासं उचललं गेलं. ती सुई थांबवून बघत राहिली. टेबलापलीकडून नवऱ्यानं विचारलं, "काय झालं?"

"काही नाही," ती म्हणाली. पण या वेळी ती हसत होती, आणि त्याला कळलं. तो कात्री ठेवून आला आणि त्यानं कोटावर हात ठेवला. कापडाची जात बोटांनी ओळखणारा माणूस तो. बराच वेळ हात तसाच ठेवून उभा राहिला. त्या दिवशी खांद्याचं माप त्याला चारदा तपासावं लागलं.

सातव्या महिन्याच्या अखेरीला अंगुस्तान बसेना. सुई रुतू नये म्हणून काज करणारीच्या मधल्या बोटावर ती धातूची टोपी असते. सुनेची टोपी लग्नानंतर सासूनंच दिलेली, मास्तरांची. एके दिवशी ती बोटाच्या अर्ध्यावर अडली. सुनेनं साबण लावून बघितलं. मग ती तशीच, बिनटोपीची काजं करू लागली. बोटाच्या टोकाला सुईची भोकं पडली.

"सूज होय?" मास्तरीणबाईंनी बघितलं. "बसून बसून येते. माझे तर पाय खांबाएवढे झाले होते. याच्या वेळी पायडलवरून उठले नि बाळंत झाले." मुलाकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या आणि सगळे हसले. सूनही हसली.

आठवा लागला आणि सुनेला सुईत दोरा ओवता येईना.

काज करणारीला दोरा ओवता न येणं म्हणजे स्वयंपाकिणीला चूल न दिसणं. ती दोरा ओला करायची, सुई उजेडाकडे धरायची, आणि सुईचं भोक तिच्या डोळ्यांसमोर एकाचं दोन व्हायचं. मधूनच ठिणग्या उडाल्यासारखं दिसायचं. कपाळाच्या आत कुणीतरी ठोकत बसलं होतं. बरगडीखाली, उजव्या अंगाला, दाबून धरल्यासारखं दुखायचं. ती हळूच नणंदेपुढे सुई करायची आणि नणंद दोरा ओवून द्यायची.

"वहिनी, तुमचा चेहरा बघा हो आरशात. डोळे गेलेत आत."

"झोप नाही झाली. काही नाही."

डोळ्यांचं दुखणं शिंप्याच्या घरात कुणाला नवीन नसतं. मास्तरांना चाळिशीच्या आत चष्मा लागला होता, मास्तरीणबाईंना पस्तिसाव्या वर्षी. दिसेनासं झालं म्हणजे नंबर आला, हे त्या घरात सगळ्यांना पाठ. "आता तुझी पाळी," मास्तरीणबाई म्हणाल्या, आणि आपला जुना चष्मा पुसून त्यांनी सुनेच्या नाकावर ठेवला. त्यानं ठिणग्या मोठ्या दिसू लागल्या.

शनिवारी नवरा तिला चष्म्याच्या दुकानात घेऊन गेला. लग्नानंतर दोघंच बाहेर पडण्याची ती तिसरी का चौथी वेळ. त्यानं नवीन शर्ट घातला होता. वाटेत तो म्हणाला, "सोनेरी काडीचा घेऊ. तुला शोभेल." ती रस्त्याच्या कडेनं त्याचा हात धरून चालत होती, कारण फूटपाथची कड तिला नीट दिसत नव्हती. तिनं तो लाडानं धरलाय, असं तो समजला.

चष्मेवाला म्हातारा होता. त्यानं तिला अक्षरं वाचायला लावली, काचा बदलल्या, परत बदलल्या. मग काचा खाली ठेवून तो तिच्या सुजलेल्या पापण्यांकडे आणि मग पोटाकडे बघत राहिला.

"कितवा?"

"आठवा," नवरा म्हणाला.

"डोकं दुखतं का बाई?"

ती 'काही नाही' म्हणणार होती. पण हा माणूस परका होता, आणि परक्यापुढे ती जरा मोकळी झाली. "फार दुखतं," ती म्हणाली.

"मग हे माझ्या दुकानाचं काम नाही. नंबर नाहीये यांना. सरळ दवाखान्यात न्या. आत्ता. रक्तदाब मोजून घ्या. माझ्या बहिणीला असंच झालं होतं." बहिणीचं पुढे काय झालं ते त्यानं सांगितलं नाही.

नवरा घाबरला. घरून कार्ड घेऊन दोघं पोचले तेव्हा दवाखान्याची खिडकी बंद व्हायला दहा मिनिटं होती. त्या सकाळी लसीकरण होतं. आत पोरांची रडारड चालली होती. सिस्टर खिडकीशी आल्या तेव्हा त्यांच्या हातात रिकाम्या बाटल्यांचा ट्रे होता. तीन दिवस त्या दुसऱ्या कुणाच्या बदलीचंही काम करत होत्या.

"हिला दिसत नाही नीट. डोकं दुखतंय," नवऱ्यानं कार्ड पुढे केलं.

सिस्टरांनी कार्ड उघडलं. आपल्याच हातचं अक्षर. रकान्यामागून रकाने भरलेले, एकही चुकलेला नाही. त्यांनी शेवटच्या ओळीवर बोट फिरवलं. "चार दिवसांपूर्वी तर एकशे दहा, सत्तर आहे. लघवी साफ. हिमोग्लोबिन अकरा. अहो, छान चाललंय सगळं. असं कार्ड मला शंभरात पाच जणींचं दिसत नाही." त्यांनी मान वर करून सुनेकडे बघितलं, पण खिडकीत जाळी होती आणि बाहेर ऊन. "आठव्यात थोडं डोकं दुखतंच. आराम करा, मीठ कमी खा. मंगळवारी या, डॉक्टरांना दाखवू."

ते आकडे आपण कुणाचे लिहिले होते, हे सिस्टरांना त्या क्षणी आठवलं नाही. आठवत असूनही त्यांनी दडवलं असतं तर त्यांना गुन्हेगार म्हणून आपण मोकळे झालो असतो. पण महिन्याला चारशे कार्डं भरणाऱ्या बाईनं आपणच लिहिलेल्या अक्षरावर विश्वास ठेवला, एवढंच झालं.

नवऱ्याचा जीव भांड्यात पडला. आकड्यांवर त्याचा आयुष्यभर भरवसा होता. "बघ, सगळं बरोबर आहे," तो म्हणाला. आणि तिला तर माहीत होतं! आपण गेल्या मंगळवारी खिडकीजवळच्या स्टुलावर होतो, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? ती तोंड उघडून सांगणारही होती. पण जाळीपलीकडे सिस्टर, मागे रांग, सासूबाईंचा शब्द जाईल, सिस्टरांची नोकरी जाईल, आणि मंगळवार तर तीनच दिवसांवर. एवढा सगळा विचार डोकं फुटत असताना तिनं केला, आणि गप्प राहिली.

मंगळवार उगवलाच नाही तिच्यासाठी. सोमवारी दुपारी, जेवणं उरकून सगळे खाली आले होते. नवरा टेबलावर खडूनं रेघ ओढत होता. मास्तरीणबाई मशीनवर. सुनेचं शेवटून दुसरं काज चाललं होतं. तिनं सुई नणंदेपुढे केली, नणंदेनं दोरा ओवला आणि परत दिला, पण सुनेनं हात पुढे केला नाही. ती खिडकीकडे टक लावून बघत होती. मग तिची मान एका बाजूला वळली, दात घट्ट मिटले आणि ती स्टुलावरून खाली आली. सगळं अंग ताठ झालं आणि आचके देऊ लागलं. मांडीवरचा कोट तिच्याबरोबर खाली ओढला गेला होता आणि तिच्या ओठांतून आलेला फेस त्याच्या अस्तरावर लागला.

"अगं सूनबाई! अगं पोरी!" मास्तरीणबाई ओरडल्या. 'पोरी' असं त्यांनी तिला त्या दिवशी पहिल्यांदा म्हटलं.

समोरच्या बेकरीवाल्यानं पावाची गाडी रिकामी करून दिली. मोठा दवाखाना अर्ध्या तासावर होता. वाटेत तिला आणखी एकदा झटका आला. नवऱ्यानं तिचं डोकं मांडीवर धरलं होतं आणि तो सारखं एकच विचारत होता, "काय होतंय? काय होतंय तुला?" आणि जी बाई या प्रश्नाला कधी उत्तर द्यायला चुकली नव्हती, ती काहीच बोलत नव्हती.

तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी हाताला पट्टा बांधला, आकडा बघितला, परत मोजला. "एकशे नव्वद, एकशे वीस." त्यांनी भराभर इंजेक्शनं सांगितली, माणसं पळाली. एका हातानं त्या कार्ड चाळत होत्या. "झटके आधी कधी यायचे? लहानपणी? फिट्सचा आजार आहे का? कारण कार्डावर तर सगळं नॉर्मल आहे. सहा दिवसांत एवढं कसं..." त्या थांबल्या. "हे कार्ड हिचंच आहे ना?"

नवरा म्हणाला, "हो." तो खरं बोलत होता, त्याला ठाऊकच नव्हतं.

मास्तरीणबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या.

"कार्ड वहिनीचं आहे," नणंद म्हणाली. तिनं दोन्ही हातांनी स्वतःचं पोट धरलं होतं. "आकडे माझे आहेत."

डॉक्टरीणबाईंनी एकदा तिच्याकडे बघितलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी कार्ड टेबलावर उपडं ठेवलं आणि त्या आत गेल्या.

बाळ मुलगी होती. ठोके आधीच थांबले होते. अगदी लहान होती. मास्तरीणबाईंना हवी होती तशी, सुखानं सुटण्याजोगी. आई वाचली. दीड दिवसानं तिनं डोळे उघडले आणि पोटावर हात नेला. नवरा उशाशी होता. त्याला काहीतरी बोलायचं होतं, पण त्याला फक्त एवढंच म्हणता आलं, "मी तीनदा मोजतो गं सगळं. सगळं तीनदा मोजतो." मग तो लहान मुलासारखा रडायला लागला आणि तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तेवढंच तिला करता येत होतं.

घरी आल्यावर कुणी कुणाला बोल लावला नाही. मास्तरीणबाईंनी बटणांचा खण उघडला, गोळ्यांची ती सगळी पाकिटं ओच्यात घेतली आणि जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून राहिल्या. दोन वेळा त्यांनी सुनेच्या ताटात इतकं वाढलं की ते कुणालाच संपलं नसतं. सून थोडं खायची आणि ताट सारायची. आता जेवायला काहीच हरकत नव्हती.

दोन आठवड्यांनी मंगळवारी मास्तरीणबाईंनी सुनेचा हात धरून तिला जिन्यावरून सावकाश खाली आणलं. एकेक पायरी. नणंद पुढे होती. तिला नववा लागला होता. बाळंतपणानंतरची तपासणी करून कार्ड बंद करायचं होतं. त्याशिवाय दवाखान्याचा हिशोब पुरा होत नाही.

सिस्टरांनी सुनेला खुर्ची दिली. त्यांचा युनिफॉर्म तोच होता, माया सोडलेला; पण तो आता अंगावर सैल पडत होता. त्यांनी पट्टा बांधला, रक्तदाब मोजला. सुनेच्या हाताला त्यांचा हात पहिल्यांदाच इतका वेळ लागत होता. मग त्यांनी कार्ड उघडलं. त्यांची नजर वर येत नव्हती. वजन लिहिलं, रक्तदाब लिहिला, आणि एरवी कधी न विचारणाऱ्या त्यांनी खालमानेनंच विचारलं, "तक्रार?"

"काही नाही हो," मास्तरीणबाई म्हणाल्या. सवयीनंच. म्हणून झाल्यावर त्यांनी तोंडावर पदर धरला.

पेन रकान्यावर टेकलं होतं.

"आहे," सून म्हणाली.

तिचा आवाज मोठा नव्हता. पण बाकावरच्या बायकांची कुजबुज थांबली. त्यातल्या बऱ्याच जणींच्या हातात दोन-दोन कार्डं होती, जावेची, सुनेची, शेजारणीची.

"सिस्टर, माझी तक्रार आहे. कार्ड काढलं त्यानंतर मी एकाही मंगळवारी इथे नव्हते. ते लिहा."

सिस्टरांनी पेन रकान्यावरून उचललं. ते लिहिलं तर पहिलं नाव त्यांचंच येणार होतं. "आता लिहून काय होणार गं?" त्या कशाबशा म्हणाल्या. "तुझं बाळ परत..."

"नाही येणार. माहीत आहे मला."

"अगं, आपल्याच माणसांचं कशाला असं चारचौघात..." मास्तरीणबाई हात जोडून म्हणाल्या. "घरचीच गोष्ट आहे ना ही."

सुनेनं सासूकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता; राग यायलाही अंगात काही उरावं लागतं. "आई, मी घरचीच होते ना? म्हणून तर माझं बघायचं राहिलं."

नणंदेनं आपलं कार्ड टेबलावर ठेवलं, वहिनीच्या कार्डाशेजारी, दोन्ही उघडी. सारखे आकडे, सारखं अक्षर, रकान्यामागून रकाने. कुणालाही वाचता यावेत असे. सिस्टरांनी दोन्ही कार्डं जवळ ओढली. बाहेर कुणीतरी नंबर पुकारायला सांगत होतं. मग त्यांनी 'तक्रार' लिहिलेल्या त्या बोटभर रकान्याकडे बघितलं. त्यात काहीच मावलं नसतं. त्यांनी कार्ड उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पेन टेकवलं.

"सांग," त्या म्हणाल्या.

सुनेला बोलायची सवय नव्हती. कुठून सुरुवात करायची ते तिला उमगेना. शेवटी ती काज करायची तसं, एका टोकापासून, हळूहळू सांगू लागली.

"तिसरा महिना," ती म्हणाली. "उलट्या होत होत्या. उभं राहवत नव्हतं. लिहिलं?"

"लिहिलं."

"चौथा. दुपारी डोळ्यांपुढे अंधार यायचा. पाचवा. भूक लागायची. लिहिलं?"